पैसे आहेत, पण कुलपात

जर्मनीला निघालेल्या कुणाशीही बोला, विमानाच्या तिकिटाचा विषय दोन मिनिटांत संपतो आणि गाडी ‘श्पेरकोंटो’वर येते. श्पेरकोंटो म्हणजे अडवलेलं खातं. पैसे तुमचेच, पण दर महिन्याला ठरलेलेच हातात पडणार.

जून २०२४ पासून जर्मनीनं ‘शान्सनकार्टं’, म्हणजे संधी-कार्ड, सुरू केलं. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे किमान सहा गुण जमले की वर्षभर तिथं राहून नोकरी शोधता येते. नोकरी नसताना जाता येतं, म्हणून एजंट त्याची जाहिरात जोरात करतात. खालच्या बारीक अक्षरांत मात्र अडवलेल्या खात्यात दाखवायच्या रकमेचा २०२५ चा आकडा असतो: महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२. युरो शंभर रुपयांचा धरला तरी तेरा लाख. आठवड्याला वीस तास कामाची मुभा आहे, पण ती तिथं पोचल्यावर. रक्कम आधी दाखवायची.

चार-पाच लाख शिल्लक असलेल्यानं कर्ज काढून हे कार्ड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होतोच.

त्याच्यासाठी रस्ता दुसरा, जरा लांबचा. नोकरीचा करार इथूनच मिळवायचा. पुरेशा पगाराचा करार असला की तोच पैशांचा पुरावा ठरतो, अडवलेलं खातं लागत नाही. मग उरतात किरकोळ खर्च: व्हिसाचे ७५ युरो, पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागलं तर २०८. खरी गुंतवणूक भाषेची. नर्सला बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीपर्यंत जर्मन लागते, आणि तिथवर पोचायला वर्ष सहज जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा जर्मनचे वर्गही त्याचाच भाग होते. भाषेच्या वर्गांची फी तेरा लाखांच्या जवळपासही जात नाही, आणि नोकरी नाहीच मिळाली तरी शिकलेली भाषा कुठं जात नाही.

करार हातात असला तरी पहिला महिना अवघड. पगार सहसा महिनाअखेरीस येतो, घरमालक मात्र अनामत आधी मागतो. कायद्यानं ती इतर खर्च वगळून उरणाऱ्या भाड्याच्या, म्हणजे ‘काल्टमीटं’च्या, तिपटीपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडं ७०० युरो असेल तर २,१००. पण तोच कायदा ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्कही देतो, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. हे घरमालक आपणहून सांगेलच असं नाही, आपण विचारायचं.

आणि घराच्या जाहिरातीत ‘आइनबाउक्युशं’, म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द आहे का, ते पाहायचं. तिथं रिकामं घर म्हणजे कित्येकदा खरंच रिकामं. सिंक नाही, शेगडी नाही, आईनं बॅगेत कोंबलेला कुकर ठेवायला ओटाही नाही.