पद्मिनीची स्पोर्ट्‌स कार करायची असेल तर

"काका, आजोबांची पद्मिनी आहे. तिला जरा स्पोर्टी करू का?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की एकदा सगळं लिहूनच काढावं असं ठरवलं. विचारणारा बहुतेक पंचवीस-तिशीतला असतो. नोकरी पुण्याला किंवा बंगळुरूला, आणि गाडी मात्र इकडे, बालाघाटला, वारासिवनीला नाहीतर गोंदियाला, पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात. घरच्यांनी तिला भंगारात काढायचं ठरवलं की नातवाला तिचा एकदम पुळका येतो. येऊ दे. न येण्यापेक्षा बरा.

माझ्याकडची १९८३ सालची आहे. बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते, त्यांनी ती घेतली. आज आम्ही पाच जण आहोत, सगळे बालाघाट-गोंदिया पट्ट्यातले, सगळ्यांकडे पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात बॉनेट उघडून उभे राहतो. घरातल्या बायका याला 'सत्संग' म्हणतात. कुणाला कुठे कोणता पार्ट मिळाला, कुणाच्या मिस्त्रीनं काय नवीन केलं, कुणाचं काय फसलं, हे तिथे कळतं. पुढे जे लिहितोय ते त्या अंगणातलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पद्मिनीला स्पोर्ट्‌स कार म्हटलं की लोक हसतात. टॅक्सीची गाडी, असं म्हणतात. पण तिच्या १०८९ सीसी इंजिनाचं कूळ १९३७ सालच्या फियाटपर्यंत जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिसिटालिया नावाची छोटी स्पोर्ट्‌स कार निघाली, तिच्यात याच ११०० फियाटचं इंजिन तयार करून बसवलं होतं. १९४७ साली मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत ताझियो नुवोलारीनं अशाच एका छोट्या उघड्या चिसिटालियात दुसरा नंबर काढला. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. चिसिटालियाची बंद छपराची २०२ ही गाडी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१ साली प्रदर्शनात मांडली, आणि आज ती त्यांच्या संग्रहात आहे. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट ११०० शर्यतीत पळायच्या. तेव्हा तुमच्या शेडमधल्या गाडीच्या रक्तात हे आहे. तुम्ही काही वेडेपणा करत नाही आहात.

आणि ती आपल्या माणसाची गाडी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. पन्नासच्या दशकात तिथून फियाट ११०० निघू लागल्या. त्यातल्या पहिल्या घाटाच्या गाडीला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १९६४ ला नवीन बॉडीची 'डिलाइट' आली, मग 'प्रेसिडेंट', आणि १९७४ ला 'पद्मिनी'. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. आपल्या दृष्टीनं त्याचा अर्थ एकच: टॅक्सीवाल्यांमुळे जो स्पेअर पार्टचा बाजार जिवंत होता तो आता आटतोय. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळेल ते आत्ता घेऊन ठेवा. विशेषतः किंगपिनचे सेट, व्हील सिलिंडरचे रबर, पेट्रोल पंपाचा पडदा आणि हेड गॅस्केट.

आता गाडीकडे वळू. सगळ्यात पहिली गोष्ट ब्रेक. इंजिनाकडे हात लावायच्या आधी ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि ते त्या काळच्या वेगाला बेताचे आहेत. गाडी पाच-सात वर्षं उभी असेल तर ब्रेक ऑइलनं हवेतलं पाणी ओढलेलं असतं, आतून सिलिंडर गंजलेले असतात. पेडल दाबलं तर कडक लागेल, पण घाटात तीन वेळा दाबल्यावर काय होईल त्याचा भरवसा नाही. मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर उघडा, रबर बदला, रबरी पाइप नवीन टाका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो न चालो. हा खर्च दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून पोरं तो टाळतात.

दुसरी गोष्ट गरमी. मे महिन्यात बैहर रस्त्यानं गांगुलपाऱ्याचा घाट चढताना पद्मिनी मध्येच मान टाकते, हे इकडच्या प्रत्येक मालकानं अनुभवलंय. बाबा उतरायचे, सुती फडकं पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळायचे, दहा मिनिटं थांबायचे, गाडी सुरू. लहानपणी मला ते मंतर-तंतर वाटायचं. कारण साधं आहे. पंप इंजिनाच्या अंगाला लागून आहे. तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. हा पंप पातळ पेट्रोल ओढायला बनवलाय, वाफ त्याला ओढता येत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. ओलं फडकं पंपाला थंड करतं, इतकंच.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानं प्रश्न वाढलाय. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. पंपाचा पडदा फुगतो, पाइप आतून सुटून त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज. आम्ही पाचही जणांनी इथेनॉलला चालणारे पाइप टाकून घेतले. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवत नाही. गोंदियाच्या आमच्या एका मित्रानं मागे टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवलाय, तो पेट्रोल मागून ढकलतो म्हणून वाफेचा त्रास जवळजवळ संपला. मात्र पंप कार्बोरेटरच्या गाडीचा, कमी दाबाचा घ्यायचा. इंजेक्शनच्या गाडीचा बसवलात तर पेट्रोल कार्बोरेटरमधून उतू जाईल आणि गरम इंजिनावर पडेल. त्यापुढे काय होतं ते लिहायची गरज नाही. पंप चटकन बंद करता येईल असं बटण डॅशबोर्डवर हवंच.

इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी तेलात उतरतं. म्हणून रेडिएटर नव्यानं भरून घ्या, त्यात नळाचं पाणी न घालता कूलंट घाला, आणि तापमानाचा काटा चालू आहे ना ते बघा. बऱ्याच गाड्यांत तो नुसता शोभेला असतो. रेडिएटरपुढे छोटा इलेक्ट्रिक पंखा लावला तर गोंदियाच्या गर्दीतही डोकं शांत राहतं. गाडीचंही आणि तुमचंही.

तेल २०डब्ल्यू-५० चं जाडच घाला. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक महाग असतं म्हणून चांगलं असेल असं समजून पुष्कळजण घालतात, आणि मग सगळ्या सीलमधून ते अंगणात येतं. पुढच्या चाकांचे किंगपिन मी दर दोन हजार किलोमीटरला ग्रीस करतो. ग्रीस गन स्वतःची ठेवा, हे काम सर्व्हिस सेंटरमध्ये आता कुणाला ठाऊकही नसतं. किंगपिन झिजले की स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतात.

आता तुमचा मुद्दा, बदल करायचा. जे बदल बोल्ट सोडून मागे घेता येतात ते आम्ही बेलाशक करतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, यानं सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते आणि चढावर दम वाढतो. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. हेडलाइटला रिले, कारण जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जातो, नुसते मोठे बल्ब टाकले तर स्विच जळतो. पुढच्या सीटला पट्टे. मागचे पाटे नव्यानं बांधून, चांगले शॉकअप. एवढ्यानंच गाडी वळणावर वेगळी वाटते. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर आहे, मागच्या चाकांवर चालते, ती चालवण्यातली गंमत ताकदीत नाही, हलकेपणात आहे.

रुंद टायर आणि अलॉयचा मोह आवरा. मूळ टायर अगदी अरुंद आहेत, त्या मापाला स्टिअरिंग आणि किंगपिन बनवलेत. थोडे रुंद रेडियल चालतात. त्यापुढे गेलात की पार्किंग करताना खांदे दुखतील, आणि किंगपिन वर्षभरात संपतील. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल मी बोलत नाही. त्यानं गाडी जोरात जाते असं ज्याला वाटतं त्याला वाटू दे.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, दोन कार्बोरेटर, वेगळा कॅम, हे शर्यतवाल्यांचं काम आहे आणि ते होतंही. पण मूळ हेड बाजूला ठेवा, दुसरं मिळवून ते घासा. घासलेलं धातू परत येत नाही.

आणि इंजिनच बदलायचं म्हणाल तर थांबा. शेजारच्या जिल्ह्यातली एक गाडी मला माहीत आहे. तीन भावांचं घर, गाडी वडिलांची. धाकट्याच्या मुलानं हौसेनं नव्या काळातलं इंजिन बसवलं, गिअरही खाली घेतला. गाडी खरंच पळायची, मी चालवलीये. मूळ इंजिन गॅरेजवाल्यानं वजनावर विकून टाकलं. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीला गेली, इंजिन नंबर कागदाशी जुळेना. झालं. आता ती ना रस्त्यावर येऊ शकते ना मागे जाऊ शकते, कारण मागे जायला इंजिनच उरलं नाही. मोठ्या भावानं त्या मुलाशी अजून बोलणं धरलेलं नाही. पैशासाठी नव्हे. त्या इंजिनावर वडिलांनी स्वतःच्या हातानं बोअर झाल्याची तारीख पंचनं ठोकली होती.

कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना नंतर आणखी वाढली.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, असल्या कारणाला काढता येते. अट अशी, की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४-७५ च्या पद्मिनींनी आत्ताच पन्नाशी ओलांडली. माझी २०३३ ला पोचेल. तुमच्या आजोबांची केव्हा पोचते ते आरसी बुक काढून आजच बघा, आणि मग हातात कटर घ्यायचा की नाही ते ठरवा.

माझ्या पुतण्यानं पुण्याहून पाठवलेल्या यादीत अकरा बदल होते. बसून, वाद घालून सात ठेवले. काढलेला प्रत्येक भाग, पॉइंट, कॉइल, मूळ पंप, जुने शॉकअप, तेल लावून, चिठ्ठी बांधून बाबांच्या लोखंडी पेटीत ठेवलाय. चार बदलांवर तो अजून नाराज आहे, विशेषतः सीटवर. त्याला मागे टेकणाऱ्या वेगळ्या सीट हव्यात, मला बाबांची सलग बाकड्यासारखी सीट हवी. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

डिसेंबरात आम्ही पाच गाड्या घेऊन बैहरमार्गे मुक्कीपर्यंत जाणार आहोत. ज्याची गाडी शेडमध्ये आहे त्यानं गाडी नसतानाही यावं, मागच्या सीटवर जागा आहे. येताना पाण्याचा कॅन आणि एक सुती फडकं आणा.