ऐतखाऊ कोण? : दोन दुर्लक्षित ब्रिटिश कलाकृती

ब्रिटनमधील सामाजिक आशयाच्या चित्रकृतींची चर्चा निघाली की केन लोच यांचे 'कॅथी कम होम' हे १९६६ चे बीबीसीवरील नाटक हमखास पुढे येते. बेघरांच्या प्रश्नावर त्याने तो देश हलवला, हे खरेच. पण त्याच परंपरेतील दोन कलाकृती मागे पडल्या. माझ्या मते त्या 'कॅथी'पेक्षा अधिक दाहक आहेत. एक 'द स्पंजर्स' हे दूरचित्रवाणी नाटक आणि दुसरा 'प्रेशर' हा चित्रपट.

'द स्पंजर्स' म्हणजे ऐतखाऊ, फुकटे. बीबीसीच्या 'प्ले फॉर टुडे' या मालिकेत ते जानेवारी १९७८ मध्ये दाखवले गेले. ब्रिटनमध्ये तेव्हा तीनच वाहिन्या होत्या. त्यामुळे असे नाटक थिएटरचे तिकीट कधी न काढणाऱ्या कामगाराच्या घरातही पोचत असे. लेखक जिम ॲलन मँचेस्टरचे. खाणीत, गोदीत, बांधकामावर घाम गाळलेला हा माणूस. दिग्दर्शक रोलंड जॉफे, निर्माते टोनी गार्नेट.

कथा साधी आहे. पॉलिन ही नवऱ्याने सोडलेली चार मुलांची आई. एक मुलगी मतिमंद. घरभाडे थकलेले. १९७७ साल, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव. वस्तीत पताका लागत आहेत आणि जप्तीवाले पॉलिनच्या घरातल्या सामानाची किंमत लावत आहेत. नाटकाचे शीर्षक पडद्यावर येते ते राणी आणि तिच्या नवऱ्याच्या भव्य चित्रांवर! बस्स, ॲलन यांना आणखी भाष्य करावे लागत नाही. ऐतखाऊ कोण, हे प्रेक्षकाने ठरवावे.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या, राखीव जागेवर नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांना 'सरकारचे जावई' म्हणून हिणवले जाते, त्याचाच हा सख्खा भाऊ. हक्काला भीक ठरवायचे आणि घेणाऱ्याला लाजेने मान खाली घालायला लावायची, ही युक्ती कुठल्या एका देशाची नाही.

या नाटकात खलनायक नाही, आणि तेच त्याचे बळ आहे. प्रत्येक अधिकारी आपापला नियम पाळतो, काही तर सौजन्याने बोलतात. खर्चकपातीसाठी मतिमंद मुलीला तिला मानवलेल्या संस्थेतून काढून वृद्धांच्या आश्रमात टाकले जाते. कागदावर हा एक आकडा; त्या पोरीच्या दृष्टीने सारे जगच हिरावलेले. तेव्हा सत्तेवर मजूर पक्ष होता आणि १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जापायी त्याने खर्चकपात मान्य केली होती. गरिबांच्या नावाने मते मागणाऱ्यांनीच गरिबांच्या ताटातले काढून घेतले. शेवटी पॉलिन मुलांना विष देते आणि स्वतःही घेते. 'कॅथी' पाहून प्रेक्षक रडला. इथे रडण्याची सोयही उरत नाही. त्याच वर्षी या नाटकाला 'प्री इटालिया' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मात्र जाणकारांपलीकडे त्याचे नाव क्वचितच निघाले.

'प्रेशर' वेगळ्या अंगाने येतो. दिग्दर्शक होरेस ओव्हे त्रिनिदादचे. पटकथा त्यांनी सॅम्युएल सेल्व्हन या कादंबरीकाराबरोबर लिहिली. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने ब्रिटनमध्ये केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. १९७५ च्या लंडन महोत्सवात तो दाखवला गेला, पण सर्वत्र प्रदर्शित व्हायला १९७८ उजाडले. पोलिसांच्या दडपशाहीची दृश्ये कुणाला बोचली असतील, हे सांगायला नको.

नायक टोनी इंग्लंडमध्येच जन्मलेला, शाळा पास झालेला. आईबाप किराणा दुकान चालवतात. आईला गोऱ्यांसारखे सभ्य व्हायचे आहे. थोरला भाऊ कॉलिन त्रिनिदादमध्ये जन्मलेला आणि ब्लॅक पॉवर चळवळीत. टोनीच्या तोंडी लंडनची बोली, पण मुलाखतीच्या खोलीत फक्त त्याची कातडी बोलते. गोऱ्या मित्रांना नोकऱ्या लागतात, याला नाही. शिकलात की सारे सुरळीत होईल, हे वचन कसे फसवे असते, हे आपल्या शिकलेल्या पिढीला वेगळे समजावून सांगायला नको. पुढे पोलीस चळवळीच्या सभेवर धाड घालतात, घराची झडती घेतात, आणि आईने जपलेली सभ्यता एका रात्रीत कोसळते.

चित्रपट निर्दोष नाही. काही नटांचे अवघडलेपण लपत नाही, भाषणे लांबतात. पण चळवळीकडेही ओव्हे डोळसपणे पाहतात, तिच्या पोकळ घोषणाबाजीला सूट देत नाहीत. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, तेव्हापासून आपण निग्रो साहित्य म्हटले की अमेरिकाच पाहत आलो. लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हमध्येही तीच धग होती, याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

ओव्हे २०२३ मध्ये वारले. त्याच वर्षी 'प्रेशर'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत पुन्हा पडद्यावर आली. शेवटच्या दृश्यात पाऊस कोसळतो आहे. तुरुंगात डांबलेल्या साथीदारांसाठी मूठभर माणसे फलक धरून भिजत उभी आहेत, आणि टोनी त्यांच्यात आहे.