दोष रक्ताचा कीं धंद्याचा?

भाईंदरच्या पश्चिमेस असलेल्या आमच्या मुर्धा गांवची जुनी पिढी शेती व मिठागरें यांवर पोसली. तिचे नातू आगगाडीनें कारखान्यांत कामाला जातात. अशा घरांत कोणास कर्करोग झाला, कीं 'घराण्याचें रक्तच तसें' असें म्हटलें जातें, आणि मुलींच्या सोयरिकीच्या वेळीं तें आडवें येतें. या समजुतींत तथ्य किती, तें आपण पाहूं.

लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं धुराडीं झाडणारांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला. १८९५ सालीं जर्मनींतील लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यांतील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळला. घराणीं भिन्न, धंदा मात्र एक! आपल्याकडे सिन्नर, सोलापूर या बाजूस विड्या वळणें हा हजारों स्त्रियांचा चरितार्थ आहे. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९९० नंतर विडी-कामगारांची तपासणी केली, तेव्हां तंबाखूच्या धुळीनें त्यांच्या पेशींतील डीएनएला इजा होत असल्याच्या खुणा दिसल्या.

डीएनए म्हणजे प्रत्येक पेशींत ठेवलेली शरीराची पोथीच होय. विषारी द्रव्यें तिचीं अक्षरें बिघडवितात. शरीर तीं द्रव्यें बाहेर टाकतें व पोथी शुद्धहि करतें. परंतु हें सामर्थ्य सर्वांचें सारखें नसतें. रंगांतील कांहीं द्रव्यांचें रूप पालटणारें यकृतांतील एक विकर कित्येकांत जन्मतःच मंद असतें. इंग्लंडांतील रंग-कामगारांत अशा मंद प्रकृतीच्या माणसांस मूत्राशयाचा कर्करोग अधिक होतो, असें १९८२ सालीं दिसलें. उलट १९९३ सालीं चीनमधील बेंझिडिनच्या कामगारांत तसें आढळलें नाहीं. द्रव्य बदललें कीं प्रकृतीचा गुणदोषहि बदलतो.

म्हणून रक्त तपासून 'हा चालेल, तो नको' अशी कामगारांची निवड करणें आम्हांस शास्त्रीयहि वाटत नाहीं व न्याय्यहि वाटत नाहीं. सशक्तांनीं विष हुंगावें, हा न्याय कोठला? विषारी द्रव्याचा वापर थांबवावा. तें न जमल्यास यंत्र बंदिस्त करावें व धूळ उगमापाशींच ओढून घ्यावी. नाकावरची पट्टी हा शेवटचा उपाय.

गृहिणींनीं कामाचे कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत, आणि तंबाखूच्या सुपापाशीं लेंकरें बसवूं नयेत. सोयरीक पाहणारांनींहि ध्यानांत ठेवावें, कीं कामगाराच्या मूत्राशयांत किंवा तोंडांत झालेली अशी इजा संततीस वारशानें मिळत नाहीं. कांहीं कर्करोग कुळांत चालतात, हें खरें. पण त्याचा निर्णय डॉक्टरांनीं करावा, शेजाऱ्यांनीं नव्हे.

डॉक्टरांकडे गेल्यावर आजोबा कशानें गेले, हें आपण आवर्जून सांगतों. स्वतः तीस वर्षें कोणत्या धुळींत व कोणत्या वाफेंत काम केलें, हें मात्र सांगावयाचें राहतें. असा रोग कित्येकदां नोकरी सुटल्यावर वर्षानुवर्षांनीं प्रकट होतो. यास्तव निवृत्त माणसानेंहि तें अगत्यानें सांगावें.