इंग्रजीची खासगी शिकवणी : शिकणाऱ्याने काय मागावे?

प्रौढ माणसाने इंग्रजीची शिकवणी लावायची म्हटले की आपल्याकडे थोडा संकोचच वाटतो. मुलांच्या शिकवणीविषयी आपण चारचौघांत बोलतो. स्वतःची शिकवणी मात्र कोणाला कळू देत नाही. ‘शाळेत इतकी वर्षे इंग्रजी शिकलात, मग चाळिशीत पुन्हा हे काय?’ असे कोणी विचारील ही धास्ती. ह्या संकोचापायी पुष्कळ जण शिकवणी लावतात खरी, पण तेथे जाऊन काय मागायचे ते ठरवीत नाहीत. मग सहा महिने निघून जातात, पैसे खर्ची पडतात आणि तोंड काही उघडत नाही. म्हणून आज शिकणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट साध्या हिशेबाची. वीस जणांच्या वर्गात शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी तासाभरात एकेकाच्या वाट्याला तीनच मिनिटे येतात. खासगी शिकवणीत सगळा तास तुमचा. पण त्यातली चाळीस मिनिटे मास्तरच व्याकरण सांगत बसले, तर तुमच्या हाती उरली वीस. व्याकरणाचे नियम काय, पुस्तकातही सापडतात. पुस्तकाला नसतो तो कान. तुम्ही बोलताना कोठे अडलात, काय चुकलात, हे ऐकून तिथल्या तिथे सांगणारा कान. शिकवणीचे पैसे आपण मोजतो ते ह्या कानाचे. तेव्हा तासाचा निम्म्याहून अधिक वेळ मी बोलणार, एवढी मागणी पहिल्याच दिवशी करा.

दुसरी गोष्ट, इंग्रजी कशासाठी हवे ते नेमके सांगा. ‘इंग्रजी सुधारायचे आहे’ हे काही उत्तर नव्हे. समजा, एखादा वायरमन आखाती देशात कामाला निघाला आहे. त्याला सुरक्षिततेच्या सूचना समजल्या पाहिजेत आणि बिघाड कोठे आहे ते वरिष्ठाला सांगता आले पाहिजे. त्याने आपल्या हत्यारांची नावे आणि रोजच्या कामाचे प्रसंग घेऊनच शिकवणीला जावे. मुलीकडे परदेशी निघालेल्या आजींचे काम निराळे. कोणाकडे चाललात, किती दिवस राहणार, बॅगेत काय आहे, अशा दहा-पंधरा प्रश्नांची त्यांना तयारी हवी. मास्तरांनी विमानतळावरचा अधिकारी व्हावे आणि आजींनी उत्तरे द्यावीत; असे आठ दिवस झाले की निम्मी भीती जाते. परदेशी शिक्षणासाठी अनेक जण आयेल्ट्स ही परीक्षा देतात. ही १९८९ सालापासून चालू असून तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. बोलण्याची परीक्षा अवघी अकरा ते चौदा मिनिटांची. तिची तयारी निबंध पाठ करून होत नाही. आणि ज्याला केवळ आवड म्हणून इंग्रजी पुस्तके वाचायची आहेत, त्याने शब्दसंग्रहापासून सुरुवात करावी. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नेहमीच्या उपयोगाच्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हे वेस्ट पूर्वी बंगालमध्ये शिक्षणखात्यात होते. एवढे शब्द पक्के झाले की सोपी पुस्तके वाचायला हिय्या होतो.

तिसरी गोष्ट, आपल्या चुका मराठीच्या वळणाच्या असतात आणि त्या ओळखणारा शिक्षक हवा. ‘माझे डोके दुखते आहे’ हे मनात धरून आपण ‘माय हेड इज पेनिंग’ म्हणतो. ‘टेबलावर’ म्हणताना आपला ‘वर’ शब्दाच्या मागून येतो, इंग्रजीचा ‘ऑन’ पुढे उभा राहतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर मराठीत नाहीतच, म्हणून ती कधी गळतात, कधी भलतीकडे येऊन बसतात. आपल्याकडे ‘व’ एकच. त्यामुळे पश्चिमेचा ‘वेस्ट’ आणि बनियनचा ‘वेस्ट’ आपल्या तोंडी सारखाच येतो. इंग्रजी शब्दातला जोरही जागा बदलतो : ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. हे वाचून कळते, पण जमते ते म्हणून बघितल्यावरच.

ह्याहून नाजूक बाब अदबीची. मराठीत ‘दे’, ‘द्या’, ‘द्या ना’ एवढ्यात सारा मान राखला जातो. इंग्रजीत ‘यू’ एकच. तेथे मान राखतात ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘वुड यू’ ह्या शब्दांनी. ते न शिकलेला आपला सभ्य माणूस ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो. बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो! नोकरीच्या मुलाखतीत अशी गोष्ट महागात पडते.

चौथा प्रश्न हमखास विचारला जातो : शिकवणीत मराठी बोलावे की नाही? मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे भाषाशाळा काढली. विद्यार्थ्याची मातृभाषा वर्गात आणायचीच नाही, ही त्यांच्या पद्धतीची शिस्त. उलट आपल्याकडच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, मराठीचा हात धरून, इंग्रजी शिकल्या. माझ्या मते प्रौढ माणसाने दोन्हींतले घ्यावे. नियम मराठीत दोन मिनिटांत समजतो, तो इंग्रजीत वीस मिनिटे कशाला ऐकायचा? पण समजल्यावर सराव मात्र इंग्रजीतच व्हावा.

शेवटी पारख कशी करायची तेही सांगतो. पहिल्या दिवशी आपल्या कामाविषयी दोन मिनिटे इंग्रजीत बोला आणि फोनवर ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. महिन्याने त्याच विषयावर पुन्हा बोला आणि दोन्ही ऐका. अडखळणे कमी झाले आहे का? ठरलेल्या चुका गेल्या का? फरक दिसला तर शिकवणी चालू ठेवा. न दिसला तर मास्तरांना मोकळेपणाने सांगा, आणि तरीही काही बदलले नाही, तर दुसरे मास्तर पाहा. फी तुम्ही भरता, आणि दिवसभराच्या कामानंतरची संध्याकाळही तुमचीच जाते. तेव्हा हिशेब मागायचा हक्कही तुमचाच आहे. त्यात संकोच कसला?