दरजेत काय भरायचं?

काळ्या दगडाचं जुनं देऊळ, दगडांमधून सिमेंटच्या फुगीर पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर पांढरा ऑइलपेंट. जीर्णोद्धाराची ही तऱ्हा महाराष्ट्रात कुठेही दिसते. संपादकांना अशा जीर्णोद्धारांचा आढावा हवा होता. मी मात्र वाईतल्या एका वाड्याच्या भिंतीपाशीच अडकले. तिथे असंच सिमेंट छिन्नीने उकरून दरजा पुन्हा चुन्याने भरण्याचं काम चाललं होतं.

इतिहास थोडक्यात आटोपतो. जोसेफ अस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ साली घेतलं. आपल्याकडे ते हाताशी आलं विसाव्या शतकात. त्याआधीचं पक्कं बांधकाम चुन्यातलं, साधं मातीतलं. वासोट्यावर, रोहिड्यावर चुना रगडायच्या घाणीचे अवशेष अजून दिसतात. माणसं त्यांच्यासमोर फोटो काढून पुढे जातात.

वाड्यावरच्या मुख्य गवंड्याला सगळे मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं, दगड तर इतका टणक, मग दरजेत सिमेंट असलं म्हणून काय बिघडलं? मामा हातातली छिन्नी न थांबवता म्हणाले, "दगड पानी पीत न्हाई, ताई. पानी दरजंतनं आत जातंय आन् तिथनंच भाईर येतंय. ती वाटच बुजवली तर ते जाईल कुठं?"

विटेच्या भिंतीत सिमेंटचा त्रास लगेच दिसतो. ओल विटेतून बाहेर पडू लागते, क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, वीट पापुद्र्यांनी सुटते आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उरते. काळ्या पाषाणाला असलं काही होत नाही, म्हणून सिमेंट निर्दोष ठरतं. पण वाड्याची भिंत म्हणजे नुसता दगड नव्हे. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये कपच्यांची नि मातीची भर आणि जागोजागी भिंतीत घेतलेले लाकडी खांब. उन्हाने दगड आणि सिमेंट सारखे हलत नाहीत. दोघांच्या मध्ये केसासारखी फट पडते. पाऊस तिथून आत शिरतो, बाहेर मात्र पडू शकत नाही. काही वर्षांनी आतल्या खोलीचा गिलावा फुगतो, खांबाचा बुंधा कुजतो. नुकसान आत होतं, म्हणून बाहेरच्या गवंड्याला कुणी बोल लावत नाही.

म्हणून दरजेतला माल दगडाहून, विटेहून कमकुवत हवा आणि पाणी सोडणारा हवा. झिजायचंच असेल तर त्याने झिजावं. तो पुन्हा भरता येतो. सिमेंटच्या जाहिरातींवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचत नाही. मजबूत म्हणजे चांगलं, असंच आपण धरून चालतो.

माल ठरवायचा तर आधी जुना माल वाचावा लागतो. पावसाने न धुतलेल्या जागेतला खडा घ्यायचा, कुटायचा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा. चुना फसफसून विरघळतो, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, तळाला राहते. ती वाळवून चाळली की कण किती जाड, किती बारीक ते कळतं. कोकणात ही परीक्षा फसवते. तिथल्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तेही आम्लात विरघळतात आणि चुना होता त्याहून जास्त भासतो. मामा आम्ल वापरत नाहीत. खडा बोटांत चुरतात, उन्हात धरतात, चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या आणि विटेचे लाल कण शोधतात. त्यांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा अहवाल फारसा वेगळा आला नाही, असं कामावरच्या वास्तुविशारद बाईंनीच सांगितलं.

चुन्याच्याही जाती आहेत. भारतीय मानक ७१२ मध्ये त्यांचे 'ए'पासून 'एफ'पर्यंत वर्ग पाडले आहेत. काही चुने पाण्याच्या संगतीत स्वतःच घट्ट होतात. शुद्ध चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो. त्याला जरा लवकर बळ यावं म्हणून सुरखी. चुनकळी पाण्यात टाकली की हौद उकळू लागतो. विरलेला चुना मग कित्येक आठवडे पाण्याखाली ठेवतात. तो लोण्यासारखा झाला की कामाला येतो.

चुन्याच्या एका मापाला तीन मापं वाळू हे प्रमाण सगळे सांगतात. ते का, हे मामांनी दाखवलं. डबाभर कोरडी वाळू घेतली आणि ती काठोकाठ भिजेपर्यंत मापाने पाणी ओतलं. डब्याच्या सुमारे एक तृतीयांश पाणी मावलं. वाळूच्या कणांमधली ही रिकामी जागा चुन्याने भरायची. वाळू बदलली की ही जागाही बदलते, म्हणून प्रत्येक गाडीची वाळू अशी मोजून घ्यायची.

पण मला खिळवून ठेवलं ते घाणीनं. पूर्वी गोल चरात दगडी चाक फिरायचं, बैल ओढायचे. इथे मोटर आहे, चाक लोखंडी आहे. माल इतका घट्ट पडतो की त्यात पाणी घालायला कुणाचाही हात शिवशिवेल. मामा घालू देत नाहीत. चाक फिरत राहतं आणि थेंबभर पाणी न घालता तोच कोरडा वाटणारा गोळा मऊ पडू लागतो. पाण्याने मिळाला असता तो मऊपणा रगडण्याने मिळतो. पाणी कमी, म्हणून वाळताना तडेही कमी. हे होताना मी बराच वेळ पाहत राहिले. गूळ, हिरडा, बेलफळ यांच्याविषयी लोक भक्तिभावाने बोलतात. त्यांचा गुण आहेच, पण गूळ जास्त झाला तर माल कडक व्हायला फार वेळ लावतो. घोटणं चुकलं तर हिरड्याने काही सावरत नाही.

दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायची, धुवायची, ओली ठेवायची, माल ठासून भरायचा आणि दगडाच्या कडेपासून किंचित आत राखायचा. नंतर ओलं गोणपाट.

हे सगळं कागदावर सोपं आहे. चुनकळी आता राजस्थानातून येते, आणि वाटेत हवा लागली की निम्मी निकामी होते. दुकानातल्या पिशवीतली चुन्याची फक्की रंग देण्याच्या लायकीची. नदीची वाळू मिळणं अवघड झालं आहे. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी इतकी की माल चिरतो. सुरखीसाठी बेताची भाजलेली मातीची वीट लागते, आणि भोवताली बांधकामं चालतात ती फ्लाय ॲशच्या विटांची. चुना भरायचा तो दिवाळीनंतर, ऊन तापण्याआधी. पैसे मात्र मार्चअखेरीला मंजूर होतात. मग भर उन्हात काम रेटायचं. संध्याकाळपर्यंत दरज घट्ट होऊन परांची पुढे सरकावी म्हणून कुणीतरी मालात मूठभर सिमेंट टाकतं. वरून काहीच ओळखू येत नाही.

मामांच्या हाताखालची पोरं दुसरीकडे टाइल्स बसवायला गेली की जास्त कमावतात, आणि जातातही. त्यांना थांबवायला मामांकडे काही नाही.

सध्या वाद पश्चिमेच्या भिंतीचा आहे. तिथलं सिमेंट दगडाला असं घट्ट धरून आहे की ग्राइंडर लावला तर घडीव दगडाच्या कडा उडतील. मालकांना सगळी भिंत एकसारखी हवी. मामांचं म्हणणं, निघेल तेवढं काढू, बाकीचं राहू द्या, पन्नास वर्षांनी आपोआप सुटेल. वास्तुविशारद बाई मामांच्या बाजूच्या आहेत, पण अंदाजपत्रकात पूर्ण भिंत धरली आहे आणि बिल मीटरवर निघतं. परांची त्या भिंतीला लागली आहे. छिन्नी की ग्राइंडर, हे मी निघेपर्यंत ठरलं नव्हतं.