मारिएलच्या बोटींनंतर

बाहेरून माणसं आली की स्थानिकांची मजुरी घसरते का? या प्रश्नावर अमेरिकेत ढिगाने संशोधन झालं आहे, पण वाद फिरून फिरून येतो तो मायामीवर.

एप्रिल १९८० मध्ये फिदेल कॅस्ट्रोंनी क्यूबाचं मारिएल बंदर खुलं केलं. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख क्यूबन बोटींनी फ्लोरिडात उतरले. त्यांतले जवळपास निम्मे मायामीतच राहिले आणि शहरातलं मनुष्यबळ काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढलं. बहुतेकांचं शिक्षण बेताचं, म्हणजे मजुरी कोसळायला हवी होती. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा यांच्याशी मायामीची तुलना केली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार कमी कौशल्याच्या स्थानिकांची ना मजुरी घटली, ना बेकारी वाढली. येणारा माणूस कामासाठी दोन हात आणतो, तसा तो भाडं भरतो, किराणाही घेतो. त्यातून कामं निर्माण होतात. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यामागे असेच अभ्यास होते.

हार्वर्डच्या जॉर्ज बोर्हास यांना हे पटलं नाही. ते स्वतः हवानात जन्मलेले आणि १९६२ मध्ये अमेरिकेत आलेले. २०१७ च्या निबंधात त्यांनी शालेय शिक्षण पुरं न झालेले, लॅटिन वंशाचे नसलेले पुरुष तेवढे वेगळे काढले आणि त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरल्याचं मांडलं. त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो : शहराच्या सरासरीत तळच्या माणसाचं नुकसान दिसेनासं होतं.

पण बोर्हास यांनी वापरलेल्या पाहणीत मायामीतली अशी माणसं वर्षाला जेमतेम वीसेक. मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी तो नमुनाच उलगडून पाहिला. त्याच सुमारास पाहणीत तोवर सुटत आलेले गरीब कृष्णवर्णीय पुरुष अधिक संख्येने नोंदले जाऊ लागले होते. त्यांची मजुरी आधीपासूनच कमी होती. ती हिशेबात आली आणि सरासरी खाली गेली. घसरणीचा मोठा भाग यातूनच उलगडतो.

उलट प्रयोगही झाला. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी परवाने देणारी 'ब्रासेरो' योजना अमेरिकेने १९६४ अखेर बंद केली. परके गेले की स्थानिकांना चांगली मजुरी मिळेल, हा हेतू. तसं झालं नाही. टोमॅटोच्या मळ्यांत तोडणीयंत्रं आली आणि जिथे यंत्र नव्हतं तिथलं पीकच घटलं.

मजुरीपलीकडे प्रश्न उरतो सरकारी तिजोरीचा. स्थलांतरितांबाबत तो हिशेब पिढीगणिक बदलतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे पहिल्या पिढीचा भार राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर पडतो, मुख्यतः मुलांच्या शाळांचा. तीच मुलं मोठी होऊन भरघोस कर भरतात.

माझ्या मते कार्ड यांचा निष्कर्ष टिकतो. बोर्हास यांचा प्रश्नही टिकतो, आणि तो मुंबई-पुण्यालाही लागू आहे. परप्रांतीयांवर बोलण्याआधी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची आणि घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी वर्षानुवर्षं नीट नोंदवा, आणि ती नोंद दाखवल्याशिवाय कुणाचाही दावा मानू नका.