नोटीस जुन्या पत्त्यावर, वसुली मात्र नव्या दारात!

मुरूड तालुक्यातील एका बौद्धवाडीत राहणारे आमचे एक कार्यकर्ते टेम्पो चालवतात. नारळ, सुपारी आणि हंगामात अलिबागचा पांढरा कांदा भरून ते आठवड्यातून दोनदा वाशीच्या बाजारात जातात. १४ एप्रिलला वाडीची मिरवणूक निघते ती याच टेम्पोवर. पासिंगच्या कागदांसाठी ते एजंटाकडे गेले. त्याने मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाला, ‘भाऊ, तुमच्यावर नऊ चलने आहेत. सगळी वेगाची. अठरा हजार भरा.’

‘मला एकही नोटीस आली नाही, दादा,’ ते आम्हाला सांगत होते. आली नव्हती हे खरे, पण ती निघाली नव्हती असे नाही. टेम्पो घेतला तेव्हा ते मुंबईत चाळीतील खोलीत राहत होते, आरसी बुकावर पत्ता तोच. पुढे चाळ पुनर्विकासात पाडली गेली आणि २०२० च्या टाळेबंदीत हे कुटुंबासह गावी आले. मोबाईलचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला. असे बंद नंबर कंपन्या दुसऱ्या ग्राहकाला देतात. म्हणजे यांच्या दंडाचे संदेश कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत राहिले आणि कागदी नोटीस गेली असेल तर ती जमिनीवर नसलेल्या चाळीच्या पत्त्यावर गेली!

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भरधाव वाहन चालवणाऱ्यांची वकिली आम्हाला करायची नाही. शनिवार-रविवारी अलिबाग, काशीद, मुरूडकडे ज्या गाड्या धावतात, त्यांच्यापुढे रस्ता ओलांडणारी म्हातारी आपली असते. सायकलवरून कामाला जाणारा मजूर आपला असतो. वेगाला लगाम हवाच. आमचा प्रश्न एवढाच आहे की ज्याच्यावर आरोप आहे त्याला तो कळला पाहिजे की नाही?

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६-अ हे कलम आले आणि कॅमेऱ्याने वाहनांवर नजर ठेवण्याला आधार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी नियम केले. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी, नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो असावा, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण द्यावे, कॅमेरा आहे तिथे आधी सूचनाफलक लावावा, असे त्यात म्हटले. म्हणजे नोटीस हा उपचार नव्हे, ती आरोपीच्या बचावाची पहिली पायरी आहे. पण त्याच कायद्याच्या ४९ व्या कलमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. मालकाने राहण्याचे ठिकाण बदलले तर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. आमच्या टेम्पोवाल्या भावाने ते कळवले नव्हते. ही त्याची चूक आहे आणि ती आपल्यातल्या शेकडो जणांची आहे.

मात्र ही चूक एवढी सर्रास का होते, याचा विचार कोणी करायचा? ज्याच्या नावावर सातबारा आहे, पिढ्यान्‌पिढ्या एकच घर आहे, त्याला पत्ता बदलावा लागत नाही. कोकणातील आपला समाज मात्र खोताच्या जाचातून सुटून गिरणीत, गोदीत, नगरपालिकेच्या कामात मुंबईला गेला. चाळीतून झोपडीत, झोपडीतून संक्रमण शिबिरात, तिथून इमारतीत, नाहीतर परत गावी. आणि गावच्या पत्त्याचे तरी काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णयाचे स्वागतच आहे. (‘बौद्धवाडी’ हे नाव तर आपण धम्मदीक्षेनंतर स्वाभिमानाने घेतलेले, ते जातिवाचक कसे, हा वाद पुन्हा कधीतरी.) पण पाटी बदलली म्हणून लायसन्सवरचा आणि आरसीवरचा पत्ता आपोआप बदलत नाही. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, तेव्हा लाखो लोकांच्या पत्त्यातील जिल्हा शासनाने एका आदेशात बदलला. गरिबाच्या घराचा पत्ता मात्र त्याने स्वतःच फॉर्म भरून बदलायचा!

नोटिशीचा विषय निघाला की रायगडच्या माणसाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर सनातन्यांनी दिवाणी दावा लावला आणि न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही महाडात जमले होते. तरीही प. पू. बाबासाहेबांनी हुकूम पाळला, तळ्यावर जाणे तहकूब केले आणि दावा लढवला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. जवळजवळ दहा वर्षे! तळ्याचे पाणी आणि टेम्पोचा दंड यांची तुलना आम्ही करत नाही. पण त्या वेळी प्रतिवादी कोण, दावा काय, तारीख कोणती हे बाबासाहेबांना ठाऊक होते, म्हणून उत्तर देता आले. आज कॅमेऱ्याने काढलेल्या चलनाला उत्तर द्यायचे तर आधी ते हातात पडावे लागते.

आता कामाचे बोलू. ई-चलन म्हणजे शिक्षा नव्हे. आपण दंड भरतो ती कायद्याच्या २०० व्या कलमाखालची तडजोड असते. मान्य नसेल तर न्यायालयात जाण्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणून एजंटाने सांगितले की लगेच पैसे मोजू नका. महाट्रॅफिकच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर टाकून प्रत्येक चलन उघडा आणि फोटो पाहा. (व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने आलेली फाईल उघडू नका. त्यातून बँक खाती रिकामी झाली आहेत.) आमच्या भावाची नऊ चलने आम्ही एकेक करून पाहिली. सातांत त्यांचाच टेम्पो होता. दोन फोटोंत गाडीच दुसरी, नंबरातील एक आकडा यंत्राने चुकीचा वाचलेला. नोटीस वेळेत मिळाली असती तर हे तेव्हाच कळले असते.

पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ३३ आहे. मुरूड-अलिबागची एमएच-०६ गाडी असेल तर काम पेणच्या परिवहन कार्यालयाचे, आणि केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. मोबाईल नंबरही तिथेच बदला. गाडी विकली असेल तर फॉर्म २९ आणि ३० पूर्ण झाल्याशिवाय गप्प बसू नका. नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात अपघाताच्या भरपाईसंदर्भात सांगितले आहे. म्हणजे विकलेल्या गाडीने माणूस उडवला तरी बोट तुमच्याकडे येणार.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जे आपल्याच लोकांना माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्ह्याचे प्राधिकरण अलिबागला आहे. त्या वकिलाला एक प्रश्न जरूर विचारा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची असते. ही मुदत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४६८ व्या कलमात होती आणि जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ व्या कलमात आहे. मग तीन वर्षांपूर्वीचे चलन कोर्टात टिकते का? लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून जे चलन आपले नाही ते लोकअदालतीत नेऊ नये, त्यावर आधी लेखी हरकत घ्यावी.

आमच्या टेम्पोवाल्या भावाने दोन चलनांवर हरकत नोंदवली आहे आणि फॉर्म ३३ भरला आहे. उरलेल्या सातांसाठी पुढच्या लोकअदालतीला ते अलिबागला जाणार आहेत. वाडीतील आणखी चार चालक त्यांच्यासोबत निघाले आहेत. त्यातल्या दोघांच्या आरसी बुकावर अजून कुर्ल्याचा पत्ता आहे.